बुंदीचं नाक आणि अठराव्या अध्यायातली पाच कारणं



आज गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक. खरं सांगायचं तर हा श्लोक मी याआधी दोनदा टाळलाय. कोरडा वाटायचा. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं भगवंत सांगतात आणि ती मोजून दाखवतात. अधिष्ठान म्हणजे हे शरीर, मग कर्ता, मग करणं म्हणजे इंद्रियं आणि साधनं, मग नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. झालं. वाण्याच्या यादीसारखी यादी. तिच्यावर काय चिंतन करायचं, असं वाटून मी पुढच्या श्लोकांवर उडी मारायचे.

या आषाढात आमच्या घरातल्या साडेआठशे ग्रॅमच्या एका जिवाचं नाक वाहायला लागलं आणि मी या यादीपाशी येऊन अडकले ती अजून तिथेच आहे.

बुंदी आणि शेव. दोन गिनीपिग, सख्ख्या बहिणी. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीची बदली झाली, तेव्हा पिंजऱ्यासकट माझ्याकडे आल्या. आजीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं हे तर बिनशेपटीचे उंदीर!" तसं चुकीचं नाही. नावात गिनी आहे, पण त्यांचा त्या देशाशी संबंध नाही, आणि नावात पिग आहे, पण डुकराशीही नाही. उंदीर-खारीच्या मोठ्या कुळातलाच हा प्राणी. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीजच्या डोंगरातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी पाळलेला, तोही मुख्यतः खाण्यासाठी. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, देवघराच्या बाजूच्या कोपऱ्यात, माझी पिशवी वाजली की कोथिंबीर आली समजून शिट्ट्या मारत उभा राहणारा हा प्राणी कुठून कुठे आला, याचं मला अजून नवल वाटतं.

देवघराच्या बाजूचा कोपरा. हे लक्षात ठेवा.

आषाढी एकादशीनंतरच्या एका शुक्रवारी रात्री पाहिलं तर बुंदीच्या डाव्या नाकपुडीखालचे केस ओले. शिंकली. पुन्हा शिंकली. आधी वाटलं पाणी पिताना लागलं असेल. सकाळी नाकाशी पांढरट कवच धरलेलं, आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट. पंज्याने नाक पुसून पुसून झालेले. ढोबळी मिरचीचा तुकडा पुढे धरला तर तिने घेतला, पण धावत आली नाही. शेव मात्र तिच्या अंगावरून चढून स्वतःचा आणि तिचाही वाटा घेऊन गेली.

हे प्राणी आजार लपवतात. जंगलात ज्याची शिकार होते त्याला अशक्त दिसणं परवडत नाही, म्हणून शेवटपर्यंत सगळं ठीक असल्यासारखं वागायचं. त्यातून ते श्वास नाकानेच घेतात. आपलं नाक चोंदलं की आपण तोंड उघडतो. त्यांना ते नीट जमत नाही. आणि त्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं. अर्धा-एक दिवस काही खाल्लं नाही तरी आतडी मंदावतात आणि मग प्रकरण नाकापुरतं राहत नाही. हे सगळं मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. अर्धवट माहिती असली की घबराट जास्त होते.

शनिवार दुपार, धो धो पाऊस, लहान प्राण्यांचे डॉक्टर सोमवारी भेटणार. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं सर्दीच आहे. तुला दाढेच्या वेळी ॲमॉक्सिसिलिन दिलं होतं ना? त्यातली चिमूटभर पूड पाण्यातून दे." मला पटलं. मी देणारच होते. औषधांचा डबा उघडला, पाकीट सापडलं आणि ते रिकामं निघालं. दाढेच्या डॉक्टरांनी कोर्स पूर्ण करा म्हणून बजावलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तो पूर्ण केला होता.

सोमवारी डॉक्टरांना हे सहज सांगितलं तर त्यांचा हात थांबला. म्हणाले, "दिलं असतंत तर आज तुम्ही इथे आला नसतात." पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं गिनीपिगच्या पोटात गेली की आतड्यातले पचनाचे चांगले जंतू मरतात, विष तयार करणारे वाढतात, आणि काही दिवसांत प्राणी जातो. माणसाच्या लहान बाळाला देतात तेच औषध.

मित्रांनो, त्या रिकाम्या पाकिटाचा मी आजवर खूप विचार केलाय. माझी इच्छा काय होती? तिला बरं करण्याची. पाकिटात दोन गोळ्या उरल्या असत्या तरी इच्छा तीच असती, हात हेच असते, आणि मी तिला मारलं असतं. माझ्या शहाणपणाचा त्यात काही भाग नाही. दाढ दुखली, डॉक्टर कडक होते, मी घाबरून ऐकलं, एवढंच. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की मी ते औषध दिलं असतं तर बुंदी का गेली याचं उत्तर अगदी स्वच्छ मिळालं असतं. वाचली, म्हणून उत्तर मिळालं नाही.

डॉक्टरांनी तिला तपासता तपासता प्रश्न विचारले. गवत कुठलं घालता? नवीन पाकीट कधी फोडलं? खाली काय अंथरता, लाकडाचा भुसा की कापड? मूत्राचा वास साठतो का? शेजारी ससा किंवा कुत्रा आहे का? (ससे आणि कुत्रे बॉर्डेटेला नावाचा जंतू नाकात बाळगून मजेत राहू शकतात, आणि तोच गिनीपिगला न्यूमोनिया करतो.) क जीवनसत्त्व कशातून देता? मग म्हणाले, "घरात धूर होतो का? कोणी सिगरेट ओढतं? ऊदबत्ती, धूप?"

मी गप्प बसले.

आमच्याकडे एरवी सकाळी एक ऊदबत्ती असते. पण आषाढी एकादशीपासून चातुर्मासाचा नेम म्हणून मी रोज संध्याकाळी धुपाटण्यात निखारा घेऊन गुग्गुळ घालत होते. आजीच्या घरी लहानपणी पाहिलेलं. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. त्या धुरात डोळे मिटून हरिपाठ म्हणताना मला खूप शांत वाटायचं. त्या वेळी माझ्यापासून तीन हातांवर, जमिनीलगत, ज्याला तोंडाने श्वास घेता येत नाही असा एक प्राणी बसलेला असायचा.

"होतो," मी म्हटलं. "धूप. रोज."

ते काही बोलले नाहीत. कागदावर लिहिलं फक्त. त्यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मग तपासण्या. छातीचा एक्स-रे, फुप्फुसं स्वच्छ. पुढचे दात ठीक, दाढा जेवढ्या दिसतात तेवढ्या ठीक. वरच्या दाढांची मुळं वाढली तर नाकावर दाब येऊन एकाच बाजूने पाणी येऊ शकतं, म्हणून ते नीट पाहायचं तर भूल द्यावी लागेल, आणि एवढ्याशा जिवाला भूल हाच मोठा धोका. गवताची काडी नाकात अडकली असेल तर? असू शकते, पण तिथवर पोचायला नळी कुठली घालणार. नाकातला स्वॅब लॅबला गेला. चार दिवसांनी उत्तर आलं: एरवीही नाकात सापडतात तसलेच जंतू, खास काही नाही. तोवर तिला चालतं ते अँटिबायोटिक, एन्रोफ्लॉक्सासिन, चौदा दिवस सुरू होतं. सोबत क जीवनसत्त्व, आणि रोज दोनदा सलाइनची वाफ. प्लास्टिकच्या खोक्याला भोक पाडून त्यात नेब्युलायझरची नळी, आत बुंदी, आणि सोबतीला शेव, कारण एकटी ठेवली की ती ओरडायची.

कागदावर निदानाच्या जागी काय लिहिलं होतं सांगू? नाकातून स्राव, कारण अनिश्चित.

आता शेवचं पाहा. तोच पिंजरा, तेच गवत, तोच धूर, तीच आई. ती ठणठणीत. धूर कारण असेल तर तिला का नाही झालं? गवत कारण असेल तर? जंतू असेल तर तो तिच्या नाकात का गेला नाही? आणि तारखा जुळवायला बसले तर आणखीच गुंता. गवताचं नवीन पाकीट त्याच आठवड्यात फोडलेलं, आणि दमट हवेत त्याच्या तळाशी बुरशीचा किंचित वास होता असं मला आता वाटतं; तेव्हा आला होता की नाही, देवाला ठाऊक. पाऊस त्याच आठवड्यात लागून राहिलेला. धूप त्याच आठवड्यात सुरू झालेला. सगळं एकदम.

आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "भोग असतो गं ज्याचा त्याचा. मागच्या जन्मीचं काहीतरी." आणि लगेच पुढच्याच वाक्यात, "ओव्याची पुरचुंडी कोमट करून जवळ ठेवलीस का?" मला हसू आलं. आजीचं तत्त्वज्ञान आणि आजीचे हात यांचं कधीच एकमत नसतं, आणि मी नेहमी हातांवर विश्वास ठेवत आलेय.

पण "भोग" हा शब्द मला टोचत राहिला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो टोचतो, कारण तो खोटा आहे असं म्हणायला आपण तयार नसतो. कर्मसिद्धांत मी मानते. स्वतःवर काही संकट आलं तर "आपलंच काही असेल" म्हणून सोसायला त्याने मला बळ दिलंय. मात्र तोच विचार मी दुसऱ्याच्या नाकावर नेऊन ठेवला की त्याचं काय होतं, हे मी त्या दिवसांत पाहिलं. मला बरं वाटायला लागलं! धूर मी केला, पण भोग तिचा. बस. म्हणजे ज्या विचाराने मला माझं ओझं उचलायला शिकवायचं, तोच विचार मी ओझं तिच्या पाठीवर टाकायला वापरत होते. शिबी राजाने कबुतराला "तुझं प्रारब्ध" म्हणून ससाण्याच्या हवाली केलं असतं तर ती गोष्ट कोणी सांगितलीच नसती. नाथांनी रामेश्वरी निघालेली कावड वाळवंटातल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, तेव्हा त्या गाढवाच्या पूर्वजन्माची चौकशी केल्याचं काही ऐकिवात नाही.

नाथांचं एक बरं होतं (हे मी लाडाने म्हणतेय), गाढवाला काय हवंय ते समोर दिसत होतं. तहान होती, पाणी होतं. माझ्यापुढे नाक होतं आणि पंधरा शक्यता होत्या.

आमच्या गुरुवारच्या ऑनलाइन वाचनात मी एकदा उशिरा जोडले गेले, वाफ द्यायची वेळ होती म्हणून. एक काका म्हणाले, "जपून हो. जडभरताची गोष्ट विसरू नकोस." गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. भागवताच्या पाचव्या स्कंधात येते. भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करायला गेला. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेली गाभण हरिणी नदी ओलांडताना पडली, पिल्लू पाण्यात वाहायला लागलं, त्याने ते उचललं, वाढवलं, आणि हळूहळू पूजाअर्चा सुटली. अंतकाळी चित्त हरणातच राहिलं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. काकांचं म्हणणं मी मनावर घेतलं. दोन दिवस स्वतःला तपासलं. मला माझ्यापुरतं असं वाटतं की भरताने पिल्लू पाण्यात तसंच वाहू द्यायला हवं होतं, असा त्या गोष्टीचा अर्थ कोणी लावू नये. ते उचलेपर्यंत तो भरतच होता. पुढे कुठेतरी त्याला पिल्लाची गरज उरली नाही आणि स्वतःच्या काळजीची गरज लागायला लागली. हे मला ओळखीचं वाटलं. बुंदीचं खाणंपिणं पूर्ववत झालं तरी मी रात्री तीनदा उठून तिचं नाक टॉर्चने पाहत होते. तिला त्याचा उपयोग शून्य. झोपमोड मात्र तिची.

तर आता श्लोकाकडे.

पाच कारणं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे काही करतो, योग्य असो वा अयोग्य, त्याला ही पाच कारणं असतात. आणि सोळाव्या श्लोकात म्हणतात, असं असताना जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. मी आजवर हा श्लोक यशासाठी वाचत आले होते. प्रमोशन मिळालं, "मी केलं" म्हणू नकोस. व्याख्यानांतही बहुतेक तसाच सांगतात. पण श्लोकात अयोग्य हा शब्दही आहे. म्हणजे "हे मी, मी एकटीनेच केलं, माझ्या धुपाने केलं" हे रात्री तीन वाजता टॉर्च धरून म्हणणं, हासुद्धा तोच अहंकार आहे. फक्त रडवेला. हे कळलं तेव्हा मला आधी राग आला. अपराधी वाटण्याचा तरी माझा हक्क असू द्या, असं काहीसं.

आणि लगेच दुसरी भीती. पाच कारणं आहेत म्हटल्यावर माझी सुटका झाली का? एक पंचमांश जबाबदारी? याच्याच पुढचा, सतरावा श्लोक आहे. ज्याच्यात अहंभाव नाही तो मारूनही मारत नाही, अशा अर्थाचा. हा श्लोक लोक फार सोयीने वापरतात. मी स्वतः एकदा कोणालातरी खूप लागेल असं बोलून वर "माझ्या मनात काही नव्हतं" म्हटलेलं आहे. म्हणून मी यादी पुन्हा वाचली. कर्ता यादीतून काढलेला नाही. दुसऱ्या क्रमांकावर ठणठणीत उभा आहे. साधनं आहेत, म्हणजे माझं धुपाटणं. हालचाली आहेत, म्हणजे खिडकी बंद करणारा हात. शरीर आहे, कदाचित बुंदीचंच एखादं अरुंद नाक, शेवपेक्षा वेगळं. आणि दैव.

दैव या शब्दावर आचार्यांचंही एकमत नाही हे मला फार आवडलं. शंकराचार्य तिथे इंद्रियांना बळ देणाऱ्या सूर्यादी देवता घेतात. रामानुजाचार्य थेट अंतर्यामी परमात्मा घेतात. आपण बोलताना नशीब म्हणतो. माझ्यासाठी सध्या दैव म्हणजे औषधाचं एक रिकामं पाकीट.

खरा पेच मात्र पुढेच होता, आणि त्यासाठी मी आज लिहायला बसले.

पहिल्या भेटीतच डॉक्टर म्हणाले होते, "कारण शोधायचं असेल तर एकेक गोष्ट बदला. तिला लवकर आराम पाडायचा असेल तर सगळं एकदम बदला." मी सगळं एकदम बदललं. गवत बदललं. भुसा काढून जाडसर फ्लीसचं कापड घातलं, रोज धुतलेलं. पिंजरा आतल्या खोलीत नेला. धूप बंद, ऊदबत्तीही बंद. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालत होते ते थांबवून सिरिंजने तोंडात द्यायला लागले, कारण पाण्यात ते उजेडाने लवकर निकामी होतं. औषध तर होतंच. तीन आठवड्यांत नाक कोरडं झालं. वजन ७९० पर्यंत उतरलं होतं ते ८३५ झालं. (किचनच्या वजनकाट्यावर स्टीलचं पातेलं ठेवून त्यात तिला बसवते. पातेल्याचं वजन वजा करायला विसरून एकदा आनंदाने पेढे आणायला निघाले होते.)

बरी झाली. कशाने? कळायला मार्ग नाही. आणि कळायला मार्ग नाही हे मला सहन होईना. श्रावण लागला होता. मनात आलं, एक संध्याकाळ धूप घालून बघू. पिंजरा पुन्हा तिथेच ठेवून. शिंकली तर धूप दोषी, मी जन्मात पुन्हा घालणार नाही. नाही शिंकली तर मी सुटले, माझा नेम सुटला, आजीलाही सांगता येईल. एकच संध्याकाळ. वाईट काय त्यात?

गुग्गुळाची डबी हातात घेतली होती मी. आणि तिचं नाव आठवलं. प्राण्याचं नाव, बुंदी नव्हे.

इंग्रजीत "गिनीपिग होणं" म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतात तो होणं. ते उगाच नाही. क्षयाच्या जंतूचा शोध लावताना रॉबर्ट कॉखने त्यांच्यावर प्रयोग केले, घटसर्पाच्या उपचारासाठी त्यांच्यावर केले. आणि १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या, सांधे, हाडं, माणसाला होतो तसाच. माणसासारखंच या प्राण्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. कुत्र्या-मांजरांना, उंदरांना ते येतं. त्या प्रयोगामुळे पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागायला वाट मिळाली. आपण सर्दी झाली की चघळतो ना संत्र्याच्या चवीची गोळी, तिच्यामागे ते पिंजरे आहेत. ते प्रयोग करायला हवे होते की नको होते, यावर मी इथे निकाल देत नाही. माझी तेवढी योग्यता नाही, आणि ती गोळी मी खातेच. आपल्याकडे भूतयज्ञ सांगितलाय, रोज प्राण्यांसाठी घास काढून ठेवायचा. या प्राण्याच्या बाबतीत तो घास म्हणजे सरळ कर्जाचा हप्ता आहे, एवढं म्हणते.

पण त्या दोघांना निदान माणसांचा रोग बरा करायचा होता. मला काय हवं होतं? माझं मन निर्दोष आहे की दोषी एवढं मला कळायला हवं होतं. बुंदीला ते कळून काही मिळणार नव्हतं. तिच्यासाठी जे करायचं ते झालंच होतं. धूप बंदच राहणार होता. मला फक्त निकाल हवा होता आणि तो मी तिच्या नाकावर वाचणार होते. पाचांपैकी दैवाची जागा मला उघडून बघायची होती. आत काय आहे, माझं नाव आहे की नाही.

डबी परत फडताळात ठेवली. हे सांगताना मी फार मोठं काही केलं असं वाटत नाही, कारण त्या रात्री आणि नंतर बऱ्याच रात्री मला पश्चात्ताप झाला. करून टाकायला हवं होतं, एकदाचा निकाल लागला असता, असं अजूनही अधूनमधून वाटतं. फळाची इच्छा सोड, हे आपण इतक्यांदा वाचतो. यश, पैसा, कौतुक, ही फळं ओळखू येतात. "माझी चूक होती का?" या प्रश्नाचं उत्तर हेही एक फळच आहे, आणि तेही सोडावं लागू शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग चूक मानायची की नाही? मी अशी मानते: चातुर्मासाचा नेम धरताना मी देवाचा विचार केला, आजीचा केला, माझ्या मनःशांतीचा केला. त्याच खोलीत श्वास घेणाऱ्या दोघींचा केला नाही. नाक धुराने वाहिलं असो वा नसो, हे न पाहणं माझंच होतं. त्यासाठी एक्स-रे लागत नाही, स्वॅब लागत नाही. त्यांच्याकडे पाहणं माझ्या हातात होतं. त्यानंतर काय झालं, ते ठरवायला पाच जण होते.

गौरी-गणपतीत आजी आली. धूप बंद केल्याचं फोनवर सांगितलं होतं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नव्हती, मग फक्त "चातुर्मासात?" एवढंच म्हणाली होती. मला धाकधूक होती. पहिल्या दिवशी तिने देवघर पाहिलं, निरांजन पाहिलं, धुपाटणं घासून वर ठेवलेलं पाहिलं. काही बोलली नाही. संध्याकाळी मी खोकं मांडलं, कारण पावसाने बुंदीला पुन्हा थोडी घरघर होती, आणि डॉक्टरांनी वाफ चालू ठेवायला सांगितली होती. खोक्यात पांढरं धुकं भरलं, आत दोघी एकमेकींना चिकटून. आजी खुर्ची ओढून समोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे हिला धूप चालतो," ती म्हणाली. "फक्त पाण्याचा."

मग तिने तिथेच, खोक्यासमोर बसून, आरतीची वेळ झाली म्हणून आरती म्हणायला सुरुवात केली. मी नेब्युलायझर धरून उभी होते, त्यामुळे टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते. दुसऱ्या दिवशी गणपतीसाठी आणलेल्या दुर्वांमधल्या उरलेल्या तिने स्वच्छ धुऊन दोघींना घातल्या आणि त्या बाप्पापेक्षा आवडीने खातात असं जाहीर केलं.

आता मार्गशीर्ष चालू आहे. तीन आठवडे नाक कोरडं होतं. परवा सकाळी डावी नाकपुडी पुन्हा ओली दिसली. घरात चार महिन्यांत काडीचा धूर नाही. गवत चांगलं आहे, कापड धुतलेलं आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये रंगकाम चाललंय, त्याचा वास येतो. थंडीही वाढली आहे. किंवा ती काडी, जी कोणी पाहिलेली नाही. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं खाते का, मी म्हटलं हो, शेवच्या तोंडातलं ओढून खाते. म्हणाले, मग वजन बघत राहा, कमी झालं तर घेऊन या.

आज सकाळी ८५२ भरली, पातेलं वजा करून. संध्याकाळी निरांजन लावायच्या आधी पुन्हा बघेन.

राम कृष्ण हरी.